निपाणीची आगगाडी

मी एक जुने रेल्वेचे वेळापत्रक आहे. पण मित्रांनो, माझ्यात बघून स्टेशनावर जाल तर तुमची गाडी नक्की चुकेल. माझी बरीचशी पाने एकमेकांना चिकटवलेली आहेत. काहींना कात्रीने खिडक्या पाडल्या आहेत. जिथे गाड्यांच्या वेळा छापल्या होत्या तिथे आता साडीच्या काठाचे तुकडे आहेत, काड्यापेट्यांवरची चित्रे आहेत आणि एसटीची तिकिटे आहेत. मधल्या पानावर एक इंजिन आहे. त्याच्या धुराजवळ नाक नेताना जरा जपून. का ते सांगतोच, मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. शाई वाळते न वाळते तोच मला बेळगावच्या स्टेशनात आणले आणि चौकशीच्या खिडकीशेजारी सुतळीने टांगले. काय माझा थाट होता! लोंढ्याला निघालेले, मिरजेला निघालेले, कुणी लग्नाला, कुणी आजाऱ्याला बघायला, सगळे माझ्यापाशी येत आणि बोट ओले करून पाने उलटीत. मला तर वाटे, गाड्या माझ्याच हुकमाने सुटतात. गर्वाचे घर खाली म्हणतात ते खोटे नाही. सहा महिन्यांनी वेळा बदलल्या, नवे वेळापत्रक आले, आणि ज्या माणसाने मला कौतुकाने टांगले होते त्यानेच माझी सुतळी कापली. गरज सरो, वैद्य मरो. मी खडेबाजारातल्या रद्दीच्या ढिगात जाऊन पडलो आणि माझी शेवटची काही पाने शेंगदाण्यांच्या पुड्या होऊन गावभर गेली.

उरलेल्या मला यल्लाप्पाने उचलले. हा निपाणीचा ट्रक ड्रायव्हर. वखारीतली तंबाखूची पोती घेऊन तो बेळगावला येत असे. जेवणाचा गरम डबा सीटवर ठेवायला त्याला खाली काहीतरी जाड हवे होते. माझ्या पाठीवर आमटीचा जो गोल डाग आहे तो त्या नोकरीतला. अशा रीतीने मी निपाणीला पोचलो. आता निपाणीला रेल्वेच नाही, मित्रांनो. पट्टीच्या पोहणाऱ्याला माळावर नेऊन सोडावे तसे माझे झाले.

ते एकोणऐंशी साल होते. यल्लाप्पाची भाची तानू तेव्हा सातवीत होती. तिच्या वर्गाच्या जयाबाई बेळगावहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. मुली त्यांना नुसते बाई म्हणत. बाईंची बहीण बेळगावजवळच्या मच्छे गावात शाळेत शिकवत होती. दोघी बहिणींनी मिळून एक गंमत काढली. प्रत्येक मुलीने घरातले एखादे निरुपयोगी जाड पुस्तक घ्यायचे, ते कापून, चिकटवून, रंगवून त्याचे नवेच पुस्तक करायचे, आणि मग निपाणीच्या मुलींनी मच्छ्याला जाऊन तिथल्या मुलींशी पुस्तकांची अदलाबदल करायची. कुणी कुणाला पुस्तक द्यायचे हे चिठ्ठ्या उचलून ठरले. तानूच्या वाट्याला गुणा नावाची मुलगी आली. बाई सहज बोलून गेल्या, की गुणाच्या शेताला लागूनच रेल्वेचे रूळ जातात.

तानूने आगगाडी कधी पाहिलीच नव्हती. मच्छ्याला जायचे आणि गाडी बघायची, याखेरीज तिला दुसरे काही सुचेना. पण ज्यांचे पुस्तक पुरे होईल त्यांनाच सहलीला नेणार, असे बाईंनी बजावले होते. तानूच्या घरात शाळेची पुस्तके सोडली तर पुस्तक नव्हते. तिने मामापाशी भुणभुण लावली, तेव्हा यल्लाप्पाने डब्याखालून मला ओढून तिच्या हातात ठेवले. तिने मला उघडले, इंजिनाचे छापील चित्र बघितले आणि ती जी हरखली, ती तिथेच अंगणात गिरकी घेऊन नाचली. एवढ्या आनंदाने मला स्टेशनातसुद्धा कुणी हातात घेतले नव्हते.

मग माझे दिवस पालटले. तानूची आई कोंडाबाई बिड्या वळत असे. दारात बसायचे, मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या मापाने कापलेली पाने. शाळेतून आली की तानू तिच्याशेजारी मला घेऊन बसे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून तिने माझी दोन-दोन पाने चिकटवली, म्हणजे ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. रोज रात्री मला पाट्याखाली दाबून ठेवीत. अंग ठेचून निघे, पण सकाळी मी असा सपाट आणि रुबाबदार दिसे, की दुखणे विसरून जाई.

खिडक्या कापायला तानूने आईची पाने कापायची कात्री उचलली आणि घरात वादळ झाले. कागदाने कात्रीची धार जाते. धार गेली की पान फाटते, आणि वाईट बिडी कारखान्यात बाजूला काढून टाकतात. कोंडाबाईने कात्री हिसकून घेतली आणि शाळा शिकून मुली घर बुडवतात असे काहीसे बोलली. पण दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाची जुनी कात्री धार लावून आली, आणि ती आणायला कुणी सांगितले, हे तानूला न सांगताही कळले.

तानूची आगगाडी कशी होती म्हणता? दारात खाकी कपड्यांतला कंडक्टर. त्याच्या डोक्यावरून गेलेली दोरी, टोकाला घंटा. मागे टपावर चढायची शिडी आणि टपावर पोती. पुढे ड्रायव्हरच्या हातात गोल चाक. बिचारीने कोल्हापूरची एसटीच रुळांवर ठेवली होती. माझ्या पोटात आयुष्यभर नुसत्या गाड्याच गाड्या, मला हे कसे सहन व्हावे? तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण डब्यांच्या खिडक्यांमागे तिने एकेक चेहरा चिकटवला, दोरीला खरा लाल दोरा वापरला, बिडीच्या पानाची गोल चाके लावली, आणि खरे सांगतो, मला ती गाडी आवडू लागली.

शेवटी राहिला धूर. काळ्या रंगाची वडी संपली होती. तानूने इकडे तिकडे बघितले. आईच्या सुपाच्या तळाशी तंबाखूची भुकटी उरली होती. तिने पानावर खळ फासली, चिमटीने भुकटी भुरभुरली, फुंकर मारली, आणि इंजिनातून असा तपकिरी, दाट, लोळत जाणारा धूर निघाला, की कोंडाबाईसुद्धा हातातली बिडी तशीच धरून बघत राहिली. माझ्या सगळ्या पानांत ते पान सरस झाले. तानूला रात्रभर झोप आली नसावी, कारण पहाटेच येऊन तिने पाटा उचलून मला बघितले.

वर्गात बाईंनी मला उघडले. कंडक्टर बघून त्या हसल्या, शिडी बघून आणखी हसल्या, धुराच्या पानाशी आल्या आणि शिंकल्या. एकदा नव्हे, शिंकतच राहिल्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तानू, चित्रं फार सुंदर आहेत गं. पण ह्याला तंबाखूचा वास येतोय. परगावच्या मुलीच्या हातात असं पुस्तक कसं द्यायचं?"

तानूने मला नाकाशी धरले. "कुठं येतोय, बाई? मला न्हाय येत."

बाईंना वाटले, पोरगी उलट बोलते आहे. त्यांनी मला शेजारच्या मुलीला हुंगायला दिले. तिलाही वास येईना. मग मी बाकाबाकांवरून फिरलो. कुणी म्हणे खळीचा येतो, कुणी म्हणे कागदाचा. शिपाई नागोजींना बोलावले, त्यांनी खोल श्वास घेतला आणि गंभीरपणे मान हलवली. वास नाही. मित्रांनो, त्या गावात वखारींचा वास वाऱ्यातच असतो, घराघरांत सुपे असतात. जन्मापासून नाकात बसलेला वास नाकाला कसा कळावा? आख्ख्या शाळेत तो एकट्या बाईंना येत होता, कारण त्या बाहेरून आल्या होत्या. क्षणभर त्यांनाच आपल्या नाकाची शंका आली. पण पुन्हा उघडले आणि पुन्हा शिंकल्या. त्यांनी सांगितले, धुराचे पान काढून टाक, नाहीतर सहलीला येता येणार नाही.

तानू रडत घरी गेली आणि गल्लीत माझी वरात निघाली. शेजारच्या मालुबाईने हुंगले. कोंडाबाईने हुंगले. यल्लाप्पा म्हणाला, "येतोय की वास. आमटीचा." कुणालाच तंबाखूचा वास लागेना आणि तानूचा जीव तर टांगणीला लागलेला. तिने मला उन्हात ठेवले, कडुलिंबाच्या पाल्यात पुरले, वर पावडर शिंपडली. बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आता पावडर लावलेल्या तंबाखूचा वास येतो.

सहल तोंडावर आली. तानू चाकू घेऊन बसली. तिने धुराच्या कडेला पाते लावले आणि थोडासा धूर खरवडलाही. मित्रांनो, रद्दीत पडलो तेव्हा मला भीती वाटली नव्हती, ती त्या वेळी वाटली. तेवढ्यात कोंडाबाईने सूप खाली ठेवले.

"धूर काढलास तर गाडी जागची हलंल का गं?" ती म्हणाली.

"मग काय करू, आये? गाडी बघायला मिळणार न्हाय मला."

कोंडाबाई उठली. मिठाईच्या पुड्यावरचा पारदर्शक कागद तिने फडताळात जपून ठेवला होता. तो तिने धुरावर धरला, मापाने कापला, तेही आपल्या स्वतःच्या कात्रीने, आणि बिड्या बांधायच्या दोऱ्याने चारी बाजूंनी टाके घातले. बिड्या बांधणारा हात तो, एक टाका वाकडा गेला नाही. धूर काचेमागे ठेवल्यासारखा झाला. भुकटी उडायची थांबली.

बाईंनी ते टाके बघितले.  शिंक आली नाही, पण नाक मात्र त्यांनी मुरडलेच. शेवटी त्यांनी ठरवले, की तानूने यावे. मात्र गुणाने नको म्हटले तर पुस्तक मुकाट्याने परत घ्यायचे आणि रुसायचे नाही. तानूने मान डोलावली. मला तिने ओढणीत असे गुंडाळले, की मला वाटले मीच सहलीला निघालो आहे.

एसटीत तानू कंडक्टरकडेच बघत होती. आपण काढलेला कंडक्टर बरोबर आहे ना, हे ती तपासत होती. मी आपला मनात म्हणत होतो, बाळे, आता तुझी परीक्षा जवळ आली.

मच्छ्याच्या शाळेच्या अंगणात दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. गुणा उंच, दोन वेण्यांची. तिने मला घेतले, उघडले, आणि जोरात शिंकली. कागद होता, टाके होते, तरी शिंकली.  बाईंनी खाली बघितले.

तानू म्हणाली, "खरं सांग. वास येतोय?"

"येतोय. लई येतोय."

तानूने मला परत घ्यायला हात पुढे केला. रुसायचे नाही असे कबूल केले होते ना. गुणाने मात्र मला सोडले नाही. तिची नजर कंडक्टरवर पडली होती. "आगगाडीत कंडक्टर नसतोय गं," ती म्हणाली. "आनि ही दोरी कशाला?"

"गाडी थांबवायला," तानू पुटपुटली.

"दोरी न्हाय, साखळी असती. ओढली की थांबती."

"मग हाय की," तानू म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जरा रंग आला. माझ्या पहिल्याच पानावर साखळीची सूचना छापलेली होती, तेव्हा या मुद्द्यावर मी पूर्णपणे तानूच्या बाजूचा होतो.

गुणाने आपले पुस्तक तिच्या हातात दिले. जुन्या गणिताच्या पुस्तकाचे तिने आपले गाव केले होते: भाताची शेते, बैल, विहीर, सगळे काळेभोर, ठसठशीत. इंजिनातून रुळांकडेला पडलेले कोळसे वेचून तिने त्यांनी चित्रे काढली होती. तानूने पुस्तक उघडले आणि तिचे नाक आपोआप आक्रसले.

"तुझ्या पुस्तकाला धुराचा वास येतोय," ती म्हणाली.

गुणाने हुंगले. मग पान उलटून पुन्हा हुंगले. "मला न्हाय येत," ती म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितले. आधी तानू हसली, मग गुणा, आणि मग दोन्ही रांगांतल्या मुली हातातली पुस्तके हुंगू लागल्या. कुणाला गोठ्याचा वास आला, कुणाला खोबरेल तेलाचा, कुणाला मसाल्याचा, आणि जिने पुस्तक केले तिला मात्र कसलाच नाही. अंगणात नुसता गोंधळ. जयाबाई बहिणीला हळूच म्हणाल्या, "मी उगाच त्या पोरीला रडवलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि या खेपेला ते शिंकेचे नव्हते.

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. गुणाने मला काखेत मारले, तानूचा हात धरला आणि दोघी शेताच्या बांधावरून पळत सुटल्या. मागून सगळ्या मुली, त्यांच्या मागे दोन्ही बाई, पदर खोचून. गाडी आली. जमीन हादरली, धूर आभाळभर झाला, डबे धडधडत गेले.  तानूने गुणाचे मनगट असे आवळले होते, की गुणा ओय ओय करत होती. सगळ्यात शेवटच्या डब्याच्या दारात एक माणूस झेंडी घेऊन उभा होता. तानू उडी मारून ओरडली, "त्यो बघ कंडक्टर!"

गुणाने डोळे बारीक केले. "व्हय की," ती म्हणाली. "पर त्याला गार्ड म्हणत्यात."

अशी माझी अदलाबदल झाली, मित्रांनो. त्या दिवसाइतका मी कधीच धावलो नाही.

नंतरची वर्षे साधीच गेली. गुणाने मला सगळ्यांना दाखवले, मग थोड्यांना, मग ट्रंकेत ठेवले. तुम्हीही असेच करता, मला ठाऊक आहे. ट्रंकेत कसर लागली. गुणाच्या शाळेच्या पुस्तकांची चाळण झाली. माझ्यात तर गोड खळ भरलेली, पहिला घास माझाच जायचा. पण किडे माझ्या वाटेला गेले नाहीत. ज्या वासाने मी परत जाणार होतो त्याच वासाने मी वाचलो.

तानू शिकून परिचारिका झाली आणि बेळगावच्या एका दवाखान्यात लागली. अठ्ठ्याऐंशी साली गुणाच्या वडिलांना तिथे ठेवले होते, तेव्हा दोघी भेटल्या. वडील बरे होऊन घरी आले, आणि पुढच्या सुट्टीला तानू मच्छ्याला आली. गुणाचे पुस्तक तिने बरोबर आणले होते. त्याच्या कडा कसरीने खाल्लेल्या होत्या आणि तानू त्याबद्दल फार हळहळत होती. मग गुणाने ट्रंक उघडून मला तिच्या मांडीवर ठेवले.

तानूने मला उघडले. कंडक्टरला बघून ती हसली. धुराचे पान आले, वरचा कागद आता पिवळा पडला होता. आईचे टाके होते तसेच होते. तिने त्यांच्यावरून बोट फिरवले, पान जवळ आणले, आणि शिंकली.

ती एकदम थांबली. पुन्हा हुंगले. मग गुणाकडे बघून म्हणाली, "व्हय गं. येतोय की वास."

"तवा तर न्हाय म्हणत होतीस."

"तवा घरात हाच वास हुता. आता दोन वर्षं झाली, आयेचं बिड्या वळणं मीच थांबवलं. खोकला हुता तिला. आता बरी हाय. सुपात तांदूळ निवडती." तानूने मला छातीशी धरले. "घरातनं वास कवा गेला, ते कळलंच न्हाय बघ."

गुणाने मला एका पिशवीत घालून तिच्या हातात देऊ केले. तानूने नको म्हटले. अदलाबदल ती अदलाबदल. पण त्या दिवसापासून दर सुट्टीला ती येते, मला उघडते, शिंकते आणि हसते. एकदा कोंडाबाईलाही घेऊन आली होती. म्हातारीने मला खूप वेळ हुंगले आणि म्हणाली, "वास कुठं येतोय?" तिचे नाक अजून निपाणीचेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात हाताने केलेले असे काहीतरी असेल. ते जपा; कधीतरी उघडा, झटका, कसर बघा. पण फार धुऊ-पुसू नका आणि उन्हात फार वेळ ठेवू नका. मलाही ठेवू नका. माझा धूर विरून गेला, तर तानूला शिंक कशी येणार?